कॉम्प्युटरच्या आधी धंद्याची तरतीब लावा

कोल्हापूर-इचलकरंजी भागातील कापडाच्या धंद्यात आज एक अजब प्रकार पाहावयास मिळतो. दुकानात कॉम्प्युटर असतो, बिले त्यावरच निघतात, जीएसटीचे रिटर्नही वेळेवर जाते. परंतु मालकाच्या गादीखाली एक लाल वही असतेच. कोणाचा माल पास झाला, कोणाचे ताके परत करायचे, कोणाला किती दिवसांनी पैसे द्यायचे ठरले, दलालाने तोंडी काय कबूल केले, हे सारे त्या वहीत किंवा मालकाच्या डोक्यात. कॉम्प्युटरला फक्त बिल आणि कर ठाऊक. धंदा कसा चालतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्याकडेही असेच होते आणि त्यामुळे एका कष्टकरी माणसाचे नुकसान झाले. ती हकीकत आधी सांगतो.

सन २०१९ ची गोष्ट. इचलकरंजीतील आठ मागांचे एक कारखानदार आम्हाला ग्रे कापड देत असत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचे चोवीस ताके आले. ऑपरेटरने त्याच दिवशी बिल चढविले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अशी व्यवस्था करून घेतली होती की, माल पास झाल्याची खूण पडल्याशिवाय बिल देण्याच्या यादीत येऊ नये. फोल्डिंगवाल्याने तिसऱ्या दिवशी ताके तपासले, आपल्या वहीत ‘२२ पास, २ डाग’ असे लिहिले आणि मुलाच्या लग्नासाठी गावी गेला. ऑपरेटर त्याच्या रिपोर्टची वाट पाहत राहिला. दिवाणजींना वाटले, शेठनी पेमेंट मुद्दाम थांबविले असेल. मला वाटले, यादीत नाव नाही म्हणजे पैसे गेले असतील. अण्णांचे दोनदा फोन आले, दोन्ही वेळा मी ‘बघतो’ म्हणालो.

सत्तर दिवसांनी अण्णा स्वतः दुकानात आले. सूतवाल्याने उधारी बंद केली होती आणि आठ मागांपैकी दोन माग त्यांनी भंगारात विकले होते. भांडण तर सोडाच, त्यांनी आवाजसुद्धा चढविला नाही. एवढेच विचारले, “शेठ, कापडात काही खोट होती का?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कापड चांगले होते. पैसे बँकेत होते. चोरी कोणी केली नव्हती, आळसही कोणी केला नव्हता. फोल्डिंगवाल्याने आपले काम केले, ऑपरेटरने आपले, दिवाणजींनी आपले. एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते त्या मधल्या जागेत अण्णांचे बिल पडून राहिले. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला मी खूप बोललो. पण खरे पाहता ते नाचता येईना अंगण वाकडे असे होते. आम्ही जे सांगितले तेच त्याने करून दिले होते. ‘पास’ची खूण कोणी, कधी आणि कोठे करायची हे आम्हीच ठरविले नव्हते.

तरतीब म्हणजे काय?

आमच्या उर्दू शाळेत ‘तरतीब’ हा शब्द फार वापरात होता. पुस्तके तरतीबने लावा, हिशेब तरतीबने लिहा. एकामागून एक, जागच्या जागी, असा त्याचा अर्थ. सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘प्रोसेस’ किंवा ‘वर्कफ्लो’ म्हणतात ती हीच तरतीब होय. कोणत्या कामानंतर कोणते काम, ते कोणी करायचे, किती दिवसांत करायचे, आणि काही चुकले तर कोणाकडे जायचे.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. हिशेबाचे सॉफ्टवेअर काय घडले ते लिहून ठेवते. प्रोसेसचे सॉफ्टवेअर आता काय घडावयास हवे आणि ते कोणाच्या टेबलावर अडले आहे, हे दाखविते. आपल्याकडील बहुतेक व्यापाऱ्यांनी पहिले घेतले आहे आणि दुसरेही आपोआप मिळाले असे समजून ते निश्चिंत आहेत.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे उपकार मी नाकारीत नाही. ज्या टॅलीवर आज देशभरचे व्यापारी हिशेब लिहितात, तिचा जन्मही एका व्यापाऱ्याच्या गरजेतूनच झाला. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका हे कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत असत. आपल्या हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते तयार करावयास सांगितले आणि १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. धंद्याला काय हवे हे बापाला पक्के ठाऊक होते आणि मुलाने ते यंत्राला समजावून दिले, हे या हकीकतीतील मर्म आहे. आपण मात्र यंत्र आधी आणतो आणि आपल्याला काय हवे ते नंतर शोधत बसतो.

परदेशातील एक उदाहरणही प्रसिद्ध आहे. १९९० मध्ये मायकेल हॅमर या अमेरिकन प्राध्यापकाने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ते मांडले. फोर्ड मोटार कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील खात्यात केवळ पुरवठादारांची बिले चुकती करण्यासाठी पाचशेहून अधिक माणसे होती. कॉम्प्युटर लावून वीस टक्के माणसे कमी करावीत, असा कंपनीचा विचार होता. मग त्यांनी जपानच्या माझ्दा कंपनीकडे पाहिले, तर तेच काम तेथे पाच माणसे करीत होती. माझ्दा आकाराने लहान हे खरे, पण एवढा फरक त्याने होत नाही. फोर्डमध्ये ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तीन कागदांवरील चौदा बाबी जुळवून पाहाव्या लागत. एखादी जुळली नाही की पत्रव्यवहार सुरू. शेवटी फोर्डने ती रीतच बदलली. ऑर्डर सर्वांना दिसेल अशी एका जागी ठेवली. माल दारात आला की तेथील माणसाने ती पाहायची. जुळला तर माल घ्यायचा आणि पैसे निघायचे, नाही जुळला तर माल परत. बिलाची वाट पाहणेच बंद झाले. जुळवायच्या बाबी चौदावरून तीनवर आल्या आणि खात्यातील माणसे पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाली.

माणसे कमी करणे हा आपला हेतू नसावा. आपल्या दुकानात आधीच चार-पाच माणसे असतात आणि त्यांची घरे त्यावर चालतात. परंतु मालाचा निर्णय माल उतरतो त्या दारातच लागला पाहिजे, ही गोष्ट फोर्डकडून घेण्यासारखी आहे. ती आमच्या दारात लागली असती, तर अण्णांचे माग वाचले असते.

वारणेचा धडा

फोर्ड दूर वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यातील वारणानगरकडे पाहा. १९९८ मध्ये तेथे ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे त्यात होती. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रे उघडून ती वारणेच्या सहकारी संस्थांशी जोडली. खेड्यातील शेतकऱ्याला जगभरची माहिती, बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले सारे गावातच मिळेल, अशी त्यामागे मोठी कल्पना होती.

पुढे काय झाले? शेतकरी केंद्रात येत, पण मुख्यतः तीन-चार ठराविक कामांसाठी. खत घेणे, ऊसतोडीची परवानगी, गेलेल्या उसाचे वजन, आणि बिल. इंटरनेटचा उपयोग फारसा झाला नाही. कॉम्प्युटर जुने झाले, त्यांच्या दुरुस्तीचा खर्च वाढला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग केला. केंद्रातील कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस. शेतकऱ्यांचे रोजचे काम त्यावरही होऊ लागले आणि खर्चही कमी झाला.

काही जण याला अपयश म्हणतील. माझे मत वेगळे आहे. उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजन, बिल ही साखळी कारखान्याने नीट बांधलेली होती. कोणानंतर कोण हे पक्के ठरलेले होते. म्हणून यंत्र बदलले तरी काम थांबले नाही. जी गोष्ट नुसत्या यंत्राच्या जोरावर व्हायची होती, ती यंत्राबरोबरच गेली. पाच लाखांचे सॉफ्टवेअर घ्यावे की पंधरा लाखांचे, असा विचार करीत बसलेल्या व्यापाऱ्याने हा धडा अवश्य घ्यावा.

आपल्या दूध संस्थांतही तेच दिसते. सकाळी दूध येते, मोजले जाते, फॅट आणि एसएनएफ पाहिले जाते, पावती हातात पडते. दूध घेतले पण पास झाले की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल, असे तेथे कोणी सांगत नाही. दूध नासते म्हणून ती शिस्त आली, हे खरे. कापड नासत नाही. पण कापड विणणाऱ्याचे घर मात्र त्या विलंबाने नासते.

कायद्याचे घड्याळ

आता हा केवळ भलेपणाचा प्रश्न राहिलेला नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीचा कायदा २००६ पासून आहे. त्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उत्पादकाकडून माल घेतल्यास लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, असे व्याज लागते. हे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचले होते? मी तरी वाचले नव्हते. सर्वांचे डोळे उघडले ते प्राप्तिकराच्या ‘४३ बी (एच)’ या नावाने गाजलेल्या तरतुदीने. ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली आणि मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चात धरली जाईल, असे ठरले.

यात खरी मेख दिवस मोजण्याची आहे. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा मानतो. म्हणजे ताके गोदामात न तपासता पडून राहिले तरी घड्याळ चालूच. आणि ‘२ डाग’ असे फोल्डिंगवाल्याच्या वहीत लिहिले, पण विकणाऱ्याला लेखी कळविले नाही, तर ती हरकत नव्हेच. फोल्डिंगवाल्याची वही आणि मालकाचे पेमेंट यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, तिच्यावर कायद्याने बोट ठेवले आहे.

जीएसटीचेही तसेच. २०१७ मध्ये तो आला, ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू झाले, आणि ऑक्टोबर २०२४ पासून विकणाऱ्याचे बिल पोर्टलवर आपल्यासमोर येते. ते स्वीकारा, नाकारा किंवा प्रलंबित ठेवा, असे विचारले जाते. हे बटण कर सल्लागाराच्या कचेरीतील मुलगा दाबतो. माल पास झाला की नाही हे त्याला कोण सांगणार? आपल्या राज्यात जॉबवर्कसाठी जाणाऱ्या सूत-कापडाला पन्नास किलोमीटरपर्यंत ई-वे बिलातून सूट आहे. पुष्कळांनी त्याचा अर्थ कागदच नको असा घेतला. चलन लागतेच. खर्चीवाल्याकडे दिलेले सूत, सायझिंगवरून गेलेले बीम आणि परत आलेले कापड यांचा मेळ चलनाशिवाय कोठून बसणार?

मग करावे काय?

सॉफ्टवेअरवाल्याला बोलाविण्यापूर्वी एक रविवार काढा. मागील महिन्यातील एकच सौदा घ्या आणि त्याच्या मागे मागे चाला. दलालाचा फोन कोणी घेतला? पन्हा, पीक, भाव, मुदत कोठे लिहिली? माल आल्यावर ताके कोणी मोजले? डाग निघाला तर कोणाला सांगितले? कपात कोणी ठरविली? मी हे एका जुन्या कॅलेंडरच्या मागील बाजूस काढले. प्रत्येक माणसाला एक पट्टा, प्रत्येक कामाला एक चौकोन, जेथे निर्णय घ्यायचा तेथे शंकरपाळ्यासारखी खूण. पुढे मुलाने सांगितले, “अब्बा, याला तर जगमान्य पद्धत आहे.” तिला बीपीएमएन म्हणतात. २००४ मध्ये ती प्रथम आली, २०११ मध्ये सुधारली आणि २०१३ मध्ये आयएसओने ती मानक म्हणून स्वीकारली. परंतु तिचे नाव ठाऊक नसले तरी कॅलेंडर पुरते.

त्या कागदावर मला दिसले की, एका सौद्याची माहिती आमच्याकडे पाच ठिकाणी लिहिली जात होती आणि पाचही ठिकाणी थोडी थोडी वेगळी. म्हणून पहिला नियम केला: एक गोष्ट एकदाच लिहायची, आणि ज्याच्या हातून ती घडली त्यानेच लिहायची. फोल्डिंगवाला आता तपासणीच्या टेबलापाशीच मोबाईलवर पास-डाग भरतो आणि विकणाऱ्याला संदेश त्याच वेळी जातो. एकाच जागी लिहिण्याचा फायदा २२ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा दिसला. त्या दिवशी तयार कपड्यांवरील जीएसटीची मर्यादा बदलली. अडीच हजारांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के झाले. ज्यांचा दर एका जागी होता त्यांनी तो एकदा बदलला. ज्यांचा चार जागी होता ते पुढे कितीतरी दिवस चुका निस्तरत होते.

दुसरा नियम, प्रत्येक कामाला दिवस. तपासणी चार दिवसांत. पाचव्या दिवशी ते काम आपोआप माझ्या मोबाईलवर येते. तिसरा नियम, माणूस रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, हे आधीच लिहिलेले असावे. आणि चौथा नियम सर्वांत कठीण: मालकाने स्वतः तो पाळावा. “राहू दे, माझा माणूस आहे, नंतर लिहू” असे आपण एकदा म्हटले की, गादीखालची वही परत आली म्हणून समजा. अर्थात सवलत देण्याची मोकळीक मालकाला हवीच. परंतु सवलत कोणाला, किती व का दिली, ही नोंद मालकानेही करावी.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हे मी सांगणार नाही. हिशेबाचे आहे तेच राहू द्यावे आणि त्याला जोडता येईल असे लहानसे घ्यावे, एवढेच म्हणेन. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे खुल्या स्रोताचे आहे. अशा पर्यायांकडेही पाहावे. मात्र एक अट घाला. आपली माहिती पाहिजे तेव्हा बाहेर काढता आली पाहिजे, आणि त्याची किल्ली एकट्या ऑपरेटरच्या हाती असता कामा नये.

काही ज्येष्ठ व्यापारी म्हणतील, आमचा धंदा जबानीवर चालतो, येथे कागद कशाला? जबानीचा मान मीही ठेवतो. पण जबान देतो मालक आणि ती पाळायची असते नोकराने, ज्याने ती ऐकलेलीच नसते. ‘हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. द्यायचे तर खुशाल शंभर द्या, पण हिशेब जवाच्या दाण्याइतका चोख ठेवा. नोकरांनाही भीती असते की, कॉम्प्युटर आपल्यावर पाळत ठेवणार. त्यांना पहिल्या दिवशीच सांगावे की, काम कोठे अडले ते यातून कळते. दोष कोणाचा ते नंतर पाहू. आमच्या दिवाणजींनी त्या कॅलेंडरवर माझ्यापेक्षा अधिक चुका दाखविल्या. इतकी वर्षे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव नवीन यंत्राला घाबरलेले नाही. आपणही घाबरू नये. परंतु यंत्रमागावर बीम चढविण्याआधी सुताचा एकेक धागा तरतीबने भरावा लागतो, हे प्रत्येक विणकराला ठाऊक असते. तो गुंता तसाच ठेवून माग सुरू केला तर कापड निघत नाही, धागे तुटतात. आपल्या कचेरीतही तेच होते.

अण्णा आज सहा मागांवर काम करतात आणि अजूनही आम्हाला माल देतात, हा त्यांचा मोठेपणा आहे. त्यांचे पैसे आता मुदतीत जातात. गेलेले दोन माग मात्र मला परत आणून देता आलेले नाहीत. वाचकांपैकी ज्यांच्या गादीखाली अजून लाल वही आहे, त्यांनी ती आज रात्री उघडावी आणि कोणाचे नाव सत्तर दिवस तेथे पडून नाही ना, एवढे पाहावे.